बाकावरून दिसलेलं मैदान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज ज्या खेळाविषयी बोलणार आहे, तो मी कधी खेळलेली नाही. माझा खेळ खो-खो. आधी खेळले आणि मग शाळेत बावीस वर्षं शिकवला. आणि गोष्ट सांगणार आहे अमेरिकन फुटबॉलची! हसू नका. शेवटी दोन्ही गोष्टी एकाच जागी येऊन मिळतात.

२००९च्या ऑक्टोबरात मी मुलीकडे कॅलिफोर्नियात गेले होते. रविवारची दुपार होती. जावई गाडी चालवत होते आणि रेडिओवर सामन्याचं धावतं वर्णन लागलं होतं. दोन आवाज होते. एक चढा, उत्साहानं उसळणारा. दुसरा सावकाश, खालच्या पट्टीतला. पहिला काय घडलं ते सांगे, दुसरा का घडलं ते. त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्या दुसऱ्या माणसाचं बोलणं ऐकत राहावंसं वाटत होतं. मी विचारलं, तेव्हा जावई म्हणाले, "आई, हे टॉम फ्लोरेस. या ओकलंड रेडर्स संघाचे पहिले क्वार्टरबॅक. पुढे याच संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि दोनदा अजिंक्यपद मिळवून दिलं."

त्या दिवसापासून या माणसानं माझ्या मनात घर केलं. त्यांच्याविषयी वाचत गेले, आणि वाचता वाचता माझ्याच एका जुन्या चुकीपाशी येऊन थांबले. ती चूक शेवटी सांगते.

आधी खेळ थोडक्यात सांगते. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्या संघानं चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. जवळजवळ प्रत्येक प्रयत्न क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो. त्याला दोन-तीन सेकंद मिळतात. समोरून सव्वाशे किलोचे गडी अंगावर येत असतात आणि तेवढ्यात त्यानं ठरवायचं, की चेंडू लांब फेकायचा, शेजारच्याच्या हाती द्यायचा, की स्वतःच पळायचं. हंगामाच्या शेवटी जो अंतिम सामना होतो, त्याला सुपर बोल म्हणतात.

साहजिकच लोकांना वाटतं, की असा माणूस खेळणं थांबवल्यावर उत्तम प्रशिक्षक होणार. मैदानावरचा अर्धा प्रशिक्षक तोच तर असतो! पण इतिहास वेगळंच सांगतो.

ऑटो ग्रॅहम हे क्लीव्हलंड ब्राऊन्सचे क्वार्टरबॅक. १९४६ ते १९५५ अशी दहा वर्षं खेळले आणि दहाही वर्षं त्यांचा संघ अंतिम सामन्यात पोचला. पुढे १९६६ ते १९६८ ते वॉशिंग्टन संघाचे प्रशिक्षक होते. जिंकले १७, हरले २२ आणि तीन सामने बरोबरीत.

दुसरे बार्ट स्टार. ग्रीन बे पॅकर्स या संघाला विन्स लोम्बार्डी या कडक प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यांनी १९६१ ते १९६७ या काळात पाच अजिंक्यपदं मिळवून दिली. पहिल्या दोन्ही सुपर बोल सामन्यांचे सर्वोत्तम खेळाडू तेच ठरले. १९७५ मध्ये त्याच संघानं त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं. गावाला वाटलं, सोन्याचे दिवस परत आले. पण नऊ हंगामांत ५२ विजय, ७६ पराभव आणि ३ बरोबऱ्या. यात सगळा दोष स्टार यांचा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांच्या आधीच्या प्रशिक्षकानं उतरत्या वयाच्या एका क्वार्टरबॅकसाठी पुढच्या दोन वर्षांतल्या नव्या खेळाडूंच्या निवडीचे पाच मोलाचे हक्क देऊन टाकले होते. घर रिकामं करून चावी स्टार यांच्या हाती दिली होती. तरीही एक गोष्ट उरतेच. ज्याला सगळं जमतं, त्याला ते दुसऱ्याला जमवून देता येईलच असं नाही.

आता फ्लोरेस यांच्याकडे येऊ. जन्म २१ मार्च १९३७, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा. हा मुलूख द्राक्षांचा आणि बेदाण्यांचा, आपल्या तासगावसारखा. घर मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुरांचं. कॉलेजात चांगला खेळ झाला, पण १९५८ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीच्या संघानं त्यांना काढलं आणि १९५९ मध्ये वॉशिंग्टननं. १९६० साली जुन्या, बलाढ्य एनएफएलला टक्कर द्यायला अमेरिकन फुटबॉल लीग नावाची नवी स्पर्धा निघाली. तिच्या आठ संघांत शेवटी दाखल झालेला संघ म्हणजे ओकलंड रेडर्स. दोन ठिकाणांहून परत पाठवलेल्या तरुणाला तिथं जागा मिळाली.

दोन वर्षं बरी गेली. मग फुफ्फुसाचं दुखणं निघालं आणि १९६२चा अख्खा हंगाम घरी बसून काढावा लागला. परत आले ते मात्र झोकात. २२ डिसेंबर १९६३ रोजी ह्यूस्टनविरुद्ध त्यांच्या सहा फेकींवर संघानं टचडाऊन, म्हणजे या खेळातला सर्वांत मोठा, सहा गुणांचा डाव साधला. रेडर्स ५२-४९ असे जिंकले. म्हणजे गडी कच्चा नव्हता.

पण १९६७ मध्ये संघमालकांनी फ्लोरेस यांना बफलोला देऊन तिथला डॅरिल लॅमोनिका हा क्वार्टरबॅक घेतला. त्याच हंगामात लॅमोनिका रेडर्सना दुसऱ्या सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. तिथं समोर होते बार्ट स्टार, आणि ग्रीन बेनं सामना ३३-१४ असा जिंकला. ज्या संघाची पायाभरणी आपण केली, तो देशातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात उतरतो आणि आपण दुसऱ्याच गावात राखीव म्हणून बाकावर. काय वाटलं असेल?

यानंतरची वर्षं अशीच बाकावरची. बफलोत जॅक केम्प पुढे होता. हाच केम्प पुढे राजकारणात गेला आणि १९९६ मध्ये उपाध्यक्षपदाची निवडणूकही लढला. १९६९ मध्ये फ्लोरेस कॅन्सस सिटीला गेले. तिथं लेन डॉसन पुढे होता. ११ जानेवारी १९७० रोजी कॅन्सस सिटीनं सुपर बोल जिंकला, तेव्हा फ्लोरेस विजेत्या संघात होते, पण राखीव खेळाडू म्हणून.

राखीव क्वार्टरबॅकचं काम काय असतं? खेळ पाहायचा. प्रत्येक चाल तोंडपाठ ठेवायची, कारण कोणत्याही क्षणी हाक येऊ शकते. प्रतिस्पर्ध्यांच्या सवयी टिपायच्या आणि मधल्या वेळात पहिल्या क्वार्टरबॅकला चार शब्दांत सांगायच्या. पहिल्याचं ज्ञान त्याच्या हातात असतं. त्याला विचारलं, हे कसं केलंस, तर तो म्हणेल, जमलं. राखीवाला मात्र ते शब्दांत मांडावं लागतं. प्रशिक्षकाचं काम याहून वेगळं काय असतं?

फ्लोरेस १९७१ मध्ये बफलोत साहाय्यक प्रशिक्षक झाले आणि १९७२ मध्ये ओकलंडला परतले. मुख्य प्रशिक्षक होते जॉन मॅडन, हातवारे करत मैदानाच्या कडेला ओरडणारे. फ्लोरेस अगदी उलट. चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. सात हंगाम त्यांनी मॅडन यांच्या हाताखाली काढले. जानेवारी १९७७ मध्ये संघानं सुपर बोल जिंकला, तेव्हा ते साहाय्यक होते. मॅडन निवृत्त झाले आणि १९७९ मध्ये संघ फ्लोरेस यांच्या हाती आला.

खरी परीक्षा आली ५ ऑक्टोबर १९८० रोजी. संघाचा क्वार्टरबॅक डॅन पास्तोरिनी याचा पाय मोडला. बाकावर जिम प्लंकेट होता. एके काळचा कॉलेजातला सर्वोत्तम खेळाडू, १९७१च्या निवडीत देशात पहिला. मेक्सिकन-अमेरिकन घरातला. आई दृष्टिहीन, वडिलांची दृष्टीही जवळजवळ गेलेली. पहिल्या संघात मार खाऊन शरीर खिळखिळं झालं आणि दुसऱ्या संघानं १९७८ मध्ये काढून टाकलं. ओकलंडला आल्यावर पहिल्या वर्षी एकही फेक नाही, दुसऱ्या वर्षी मोजून पंधरा. असा माणूस त्या दिवशी मैदानात उतरला आणि त्यानं फेकलेला चेंडू पाच वेळा प्रतिस्पर्ध्यांनी झेलून नेला. सामना गेला. पाचपैकी तीन सामने हरलेला संघ, आणि बाकावर त्याच वर्षी पहिल्या फेरीत निवडलेला ताज्या दमाचा मार्क विल्सन.

तुम्ही काय केलं असतं? मी तर विल्सनला घेतलं असतं. फ्लोरेस यांनी प्लंकेटला ठेवलं. दोन संघांनी नाकारल्यावर आणि बाकावर वर्षं काढल्यावर हात थरथरतो, पण तो कायमचा गेलेला नसतो, हे त्यांना अनुभवानं माहीत असावं. प्लंकेटनं पुढच्या अकरापैकी नऊ सामने जिंकून दिले. बाद फेरीतले तीन सामनेही संघ जिंकला. २५ जानेवारी १९८१ रोजी न्यू ऑर्लिन्सला फिलाडेल्फियाचा २७-१० असा पराभव झाला आणि सामन्याचा मानकरी ठरला प्लंकेट. वाइल्ड कार्डच्या मागच्या दारानं बाद फेरीत शिरून सुपर बोल जिंकणारा हा पहिला संघ. फ्लोरेस हे खेळाडू, साहाय्यक आणि मुख्य प्रशिक्षक अशा तिन्ही नात्यांनी हे अजिंक्यपद मिळवणारे पहिले गृहस्थ ठरले. तीन वर्षांनी, २२ जानेवारी १९८४ रोजी, त्यांनी वॉशिंग्टनला ३८-९ असं लोळवलं. १९५९ मध्ये त्यांना काढून टाकणारा संघ तो हाच.

हे एकट्या फ्लोरेस यांचंच उदाहरण आहे असं नाही. डग पीडरसन हे ब्रेट फार्व्हच्या मागे बाकावर बसलेले क्वार्टरबॅक. खेळ थांबल्यावर त्यांनी चार वर्षं लुइझियानातल्या एका शाळेच्या मुलांना शिकवलं. फेब्रुवारी २०१८च्या सुपर बोलमध्ये ते फिलाडेल्फियाचे प्रशिक्षक होते, आणि पहिला क्वार्टरबॅक जखमी झाल्यामुळे राखीव निक फोल्स खेळत होता. मध्यंतराआधी चौथा प्रयत्न, एक यार्ड बाकी. फोल्स कडेला आला आणि त्यानंच एक धाडसी चाल सुचवली. पीडरसन यांनी मान डोलावली. या चालीत चेंडू चक्क क्वार्टरबॅककडेच फेकला गेला आणि टचडाऊन झाला. फिलाडेल्फिया ४१-३३ असा जिंकला. प्रशिक्षकानं खेळाडूचं ऐकलं, हे मला त्या चालीपेक्षा मोठं वाटतं.

पण बाकावर बसलं की प्रशिक्षक तयार होतो, असं गणित मांडू नका. फ्लोरेस पुढे सिअॅटलला गेले. १९९२च्या पहिल्याच हंगामात संघाला सोळा सामन्यांत अवघे १४० गुण करता आले. तीन वर्षांत १४ विजय, ३४ पराभव. माणूस तोच, शांतपणा तोच. पदरी खेळाडू नसतील तर नजर एकटी काय करणार? पीडरसन यांनाही अजिंक्यपदानंतर तीन वर्षांतच त्याच संघानं निरोप दिला. बाक दृष्टी देतो, यशाची हमी देत नाही.

फ्लोरेस यांना मानही उशिरा मिळाला. संघमालक अल डेव्हिस यांचा दबदबा मोठा, त्यामुळे पुष्कळसं श्रेय तिकडे गेलं. सुपर बोल जिंकणारे अल्पसंख्याक समाजातले हे पहिले मुख्य प्रशिक्षक. तरी या खेळाच्या मानवंतांच्या दालनात त्यांना प्रवेश मिळाला तो २०२१ मध्ये, वयाच्या ८४व्या वर्षी. मधली वीस वर्षं, १९९७ ते २०१७, ते रेडिओवर खेळ समजावून सांगत राहिले. मी गाडीत ऐकला तो हाच आवाज.

आता माझी चूक. मी खेळत होते तेव्हा सहसा कुणाच्या हाती लागत नसे. शिकवायला लागल्यावर मुलींवर ओरडायचे, "अगं, एवढं साधं कसं जमत नाही?" एका आंतरशालेय सामन्यात समोरची एक मुलगी आमच्या हाती लागेना. माझ्या शेजारी बसलेली राखीव मुलगी हळूच म्हणाली, "बाई, ती खांबाजवळ दर वेळी उजवीकडे हूल देते आणि डावीकडे पळते." मी तिच्याकडे न पाहताच म्हणाले, "तू गप्प बस." सामना एका गुणानं गेला. ती मुलगी पुन्हा काही बोलली नाही, आणि पुढच्या वर्षी संघातही आली नाही.

गाडीतला तो शांत आवाज ऐकल्यापासून मला सारखी तीच आठवते. त्या दिवशी मैदान तिला दिसत होतं आणि मी ओरडत होते. तुमच्याही घरात, कचेरीत, वर्गात असं कुणीतरी कडेला बसलेलं असेल. त्यांनी हळूच काही सांगितलं, तर निदान मान वळवून बघा. मला ते तेव्हा सुचलं नाही.