'नॉव्हेल' आणि 'कादंबरी' : दोन नावे, दोन अपेक्षा

'नॉव्हेल' या इंग्रजी नामाला 'कादंबरी' हा प्रतिशब्द मराठीत इतका रुळला आहे की, हे दोन शब्द भिन्न प्रकृतीचे आहेत याचा आपल्याला विसर पडतो. वाङ्मयप्रकाराच्या नावात त्याच्याविषयीची अपेक्षाही दडलेली असते. म्हणून या दोन नावांचा इतिहास शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते.

'नॉव्हेल'चे मूळ इटालियन 'नोव्हेल्ला' या शब्दात आहे. नोव्हेल्ला म्हणजे नवी गोष्ट, वार्ता. चौदाव्या शतकातील बोकाच्चोच्या 'डेकामेरॉन'मधील शंभर कथा या नोव्हेल्लाच होत. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनने आपल्या संहितेनंतर जे नवे कायदे केले, तेही याच कुळातील नावाने ओळखले जातात. इंग्रजीत विशेषण म्हणून या शब्दाचा 'नवा, अपूर्व' हा अर्थ आजही जिवंत आहे. थोडक्यात, नवेपणा हा या शब्दाचा गाभा.

या शब्दाचा जवळचा पर्याय, आणि त्याचा प्रतिस्पर्धीही, म्हणजे 'रोमान्स'. विल्यम काँग्रीव्हने 'इन्कॉग्निटा'च्या (1692) प्रस्तावनेत दोहोंत भेद केला : रोमान्समध्ये थोरामोठ्यांची अलौकिक कृत्ये, तर नॉव्हेलमध्ये आपल्या परिचयाच्या जगाला जवळच्या घटना. पुढे 1851 मध्ये हॉथॉर्नने हाच भेद उलट बाजूने मांडला आणि रोमान्सकारासाठी कल्पनेची अधिक मोकळीक मागितली. फ्रेंच व जर्मन भाषांनी मात्र 'रोमाँ' आणि 'रोमान' ही जुनीच नावे दीर्घ कथनासाठी कायम ठेवली. अठराव्या शतकातील इंग्रज लेखकही 'नॉव्हेल' हे नाव सहजी घेत नव्हते. रिचर्डसनची 'क्लॅरिसा' आणि फील्डिंगची 'टॉम जोन्स' (1749) या दोन्ही कृतींच्या मूळ शीर्षकांत 'हिस्टरी' म्हणजे इतिहास, वृत्तांत हा शब्द आहे.

भारतीय भाषांनी या नामाला वेगवेगळी उत्तरे दिली. बंगाली व हिंदीने 'उपन्यास' म्हटले, गुजरातीने 'नवलकथा' हा ध्वनी आणि अर्थ दोन्ही साधणारा शब्द घेतला. मराठीने, आणि कन्नडनेही, सातव्या शतकातील बाणभट्टाच्या गद्यकाव्याच्या नायिकेचे नाव उचलले. विशेषनाम सामान्यनाम झाले. संस्कृतात 'कादंबरी' म्हणजे मद्यही, आणि बाणाच्या पुत्राने ते अपुरे काव्य पूर्ण करताना या अर्थावर श्लेषही केला आहे. जन्मांतरीचे प्रेम, शाप, गंधर्वलोक अशा त्या कथेचे नाव स्वीकारताच मराठी वाचकाची अपेक्षा अद्भुताकडे वळणे स्वाभाविक होते. जो भेद इंग्रजीने दोन शब्दांत विभागला होता, तो मराठीत एकाच शब्दाखाली झाकला गेला.

आरंभीच्या कृती या दृष्टीने पाहाव्यात. बाबा पदमनजींच्या 1857 च्या पुस्तकाचे पूर्ण नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे आहे. ते स्वतःला 'निरूपण' म्हणवते. उलट लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (1861) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (1868) या कृती बाणाच्या वारशाला अधिक जवळच्या आहेत. आपल्या नित्याच्या जीवनात मनोरंजक असे काही नसल्यामुळे अद्भुताचा आश्रय करावा लागतो, अशा आशयाचे समर्थन रिसबुडांनी प्रस्तावनेत केले आहे. अध्यापनात आपण या कृतींना 'फसलेल्या नॉव्हेल' ठरवतो. परंतु त्या आपल्या नावाशी प्रामाणिक आहेत. वास्तवाचा निकष त्या शब्दात मुळी नव्हताच, तो नंतर आला.

तो कसा आला, याची खूण हरिभाऊ आपट्यांकडे सापडते. त्यांनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांच्या मालेला 'आजकालच्या गोष्टी' असे नाव दिले. 'आजकाल' या साध्या शब्दात नोव्हेल्लाचा मूळ अर्थ, म्हणजे ताजी वार्ता, नकळत मराठीत उतरला आहे. 'पण लक्षात कोण घेतो?' 1890 पासून 'करमणूक' पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा घरातल्या स्त्रीचे नित्याचे जीवनच मराठी कथनाचा विषय झाले होते. रिसबुडांना जिथे सांगण्याजोगे काही दिसले नव्हते, तिथेच आपट्यांना अवघी कथा सापडली.

पुढे 'कादंबरी' या शब्दानेच हा नवा अर्थ पोटात घेतला आणि जुना अर्थ मागे पडला. म्हणून 'मुक्तामाला' शिकवताना आपण कोणत्या काळातली 'कादंबरी' मनात धरून बोलत आहोत, हे आधी ठरवायला हवे. नाव तेच राहिले तरी त्यामागची अपेक्षा तीच राहिलेली नाही.