फाळक्यांचें वाटाण्याचें रोप

सक्करदऱ्यांतील आमचे विद्यार्थी संगणकावर मनुष्याकृति घडवितात, तेव्हां तिला गति यंत्रच देतें, अशी त्यांची समजूत असते. इतिहास निराळें सांगतो. इ. स. १९१२ मध्यें दादासाहेब फाळके यांनीं कुंडींतील वाटाण्याचें रोप वाढत असतां ठराविक अंतरानें त्याचें एकेक चित्र घेतलें. तीं सलग दाखवितांच अनेक दिवसांची वाढ क्षणांत पडद्यावर उमटली! याच फितीच्या बळावर त्यांस कर्ज मिळालें व १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. आज सेकंदास सामान्यतः २४ चित्रें लागतात. दोन मुख्य चित्रांमधलीं संगणक भरून काढितो. परंतु मुख्य चित्रें कोणतीं, हें निरीक्षणानेंच कळतें. तें ज्यानें टाळिलें, त्याची आकृति हलेल; जगणार नाहीं.