सह्याद्रीची वनमाती आणि जुने जमिनीचे कागद

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारांस जमिनीचे कागद नेहमींच सांपडतात. परंतु प्रत्यक्ष जमिनीकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. सनदेचा शक, शिक्का, वळण, घेणाराचें नांव व देणाराचा अधिकार यांची चिकित्सा आपण कसोशीनें करितों. मात्र 'इतके बिघे' हा आंकडा आला म्हणजे तो जसाच्या तसा उतरून घेऊन पुढें जातों. देशावर या उपेक्षेनें फारशी हानि होत नाहीं. पण घाटमाथा, मावळ आणि तळकोंकण येथील कागद वाचतांना या एका गोष्टीमुळें अर्थाचा अनर्थ होतो, असें माझें मत बनलें आहे. तें साधार मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आरंभ बराच मागें जाऊन करितों. नाशिकच्या त्रिरश्मि डोंगरांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन दानलेख आहेत. राज्यवर्ष १८ च्या लेखांत पश्चिम कखडी येथील दोनशें निवर्तनांचें शेत लेण्यांतील भिक्षूंस दिलें आहे. राज्यवर्ष २४ च्या लेखांत मात्र राजा व राजमाता गोवर्धनच्या अमात्यास कळवितात कीं, कखडी येथें पूर्वीं दिलेलें शेत कसलें जात नाहीं व गांवांत वस्तीहि नाहीं. सबब नगराच्या शिवेवरील राजकीय शेतांतून शंभर निवर्तनें भिक्षूंस द्यावींत. शेत पडित कां राहिलें, याचें कारण लेखांत दिलेलें नाहीं, आणि तें आपण कल्पनेनें भरूं नये. तथापि एवढें निर्विवाद आहे कीं, न पिकणाऱ्या दोनशें निवर्तनांपेक्षां कसणुकीस योग्य अशीं शंभर निवर्तनें अधिक मोलाचीं होतीं. मापाचा आंकडा आणि जमिनीचें मोल या दोन वेगळ्या वस्तु आहेत, हें त्या काळच्या दरबारास ठाऊक होतें. आपण मात्र तें विसरतों.

आपल्या कोशकारांनींहि हा भेद राखला आहे. अमरसिंहानें डोंगराच्या पायथ्याची भूमि ती 'उपत्यका' व माथ्यावरची ती 'अधित्यका' असे दोन शब्द दिले. सर्व पिकांनीं संपन्न ती 'उर्वरा', खारी ती 'ऊषर', आणि उत्तम मातीस 'मृत्सा', 'मृत्स्ना' अशीं निराळीं नांवें सांगितलीं. कौटिल्याच्या सीताध्यक्षप्रकरणांत देशपरत्वें पावसाचें मान द्रोणांनीं दिलें आहे. तेथें अश्मक, अवंती इत्यादि देशांस ठराविक आंकडे आहेत; अपरांतास, म्हणजे आपल्या कोंकणपट्टीस, मात्र 'अमित' एवढाच शब्द वापरला आहे. अश्मक गोदावरीकांठचा व अपरांत समुद्रकांठचा, मध्यें सह्याद्रि. आमच्या विषयाचें मर्म या एका 'अमित' शब्दांत सांठविलें आहे.

कारण असें कीं, या सर्व प्रदेशाचा खडक मुळांत एकच आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतील तप्त रस भेगांवाटे वर येऊन थरांवर थर पसरला, व त्यापासून आपला काळा पाषाण बनला. आजहि सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्यानें व्यापिला आहे. या पाषाणांत लोह, चुना व मॅग्नेशियम यांचा अंश मोठा आहे. जेथें पाऊस बेताचा पडतो, तेथें चुन्याचा अंश मातींत टिकतो आणि उन्हाळ्यांत भेगाळणारी, पावसांत फुगणारी, ओल धरून ठेवणारी चिकण काळी माती होते. जेथें पाऊस अमित, तेथें चुना व पुष्कळशी वाळूची द्रव्यें विरघळून वाहून जातात आणि लोहाचे व ॲल्युमिनियमचे गंज तेवढे मागें राहतात; तीच तांबडी माती व तोच जांभा. महाबळेश्वरीं वर्षास साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून शंभर किलोमीटरांच्या आंत असलेल्या फलटणकडे जेमतेम पांचसहाशें. खडक एक, पण माती दोन जातींची. पांचगणीचें सपाट पठार व पन्हाळ्याचा माथा हे जांभ्याचेच होत. फ्रान्सिस बुकानन यानें १८०७ सालीं मलबारांतील या दगडास लॅटिन भाषेंतील 'वीट' या अर्थाच्या शब्दावरून नांव दिलें. तो ओला असतां विटेसारखा कापतां येतो व वाऱ्यावर कठीण होतो, हें कोंकणांतील गवंड्यांस त्यापूर्वींच ठाऊक होतें.

आतां उतारावरील वनमातीचा विचार करूं. पठारावरील जांभ्यावर माती बोटभर असते. उतारावर ती कोठें हातभर, कोठें मुरमाच्या फटींत चिकटलेली. तिचा कस खडकांत नसून वर सांचलेल्या पाल्यापाचोळ्यांत असतो. झाडाचें पान पडावें, कुजावें आणि त्याच झाडाच्या मुळांनीं तें परत घ्यावें, असा हा व्यवहार आहे. झाड तोडिलें कीं भांडवलच गेलें. म्हणूनच डोंगरी कुणबी, ठाकूर, कातकरी यांनीं वेगळी रीत चालविली. उतारावरील झाडी तोडावयाची, वाळवून जाळावयाची आणि त्या राखेंत पहिल्या वर्षीं नाचणी, दुसऱ्या वर्षीं वरी, पुढें हरीक किंवा कारळे काढावयाचे. मग तो तुकडा कित्येक वर्षें रानास परत द्यावयाचा. उत्तर कोंकणांत हिला 'दळी' म्हणतात. दक्षिणेस सावंतवाडी व कानडा प्रांतांत 'कुमरी', आणि गोमंतकांत 'कुमेरी'. भाताच्या रोपासाठीं वाफ्यावर फांद्या, पाला व शेण पसरून जाळावयाचा 'राब' तो निराळा. पण त्याचेंहि मूळ हेंच. राखेचा जोर दोनतीन पावसाळे पुरतो, त्यापुढें नाहीं.

ही रीत ध्यानांत घेतली म्हणजे जुन्या कागदांतील कित्येक शब्द उलगडतात. सभासदानें शिवकालीन मोजणी सांगतांना पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्यांचा लांबरुंद बिघा व एकशेंवीस बिघ्यांचा चावर असें कोष्टक दिलें आहे. हें कोष्टक बांधाच्या जमिनीस नीट लागू पडतें. जो तुकडा तीन वर्षें पिकून पुढें कित्येक वर्षें रान होणार, त्यास काठी लावून काय उपयोग? म्हणूनच डोंगरी मुलुखांत पुष्कळ ठिकाणीं आकार बिघ्यावर न बसतां नांगरावर किंवा औतावर बसलेला दिसतो. हलक्या जमिनी 'उक्त्या'नें कमी दरांत दिल्या जात. पडित जमीन लागवडीस आणणारास 'इस्ताव्या'चा कौल देऊन सारा वर्षानुवर्षें चढविला जाई. अशा सवलती दृष्टीस पडल्या कीं आपण त्यांचें कारण वतनदाराच्या वशिल्यांत शोधूं लागतों. वशिला नव्हता असें नाहीं. परंतु त्याआधीं त्या गांवची माती पाहणें हें संशोधकाचें पहिलें कर्तव्य होय.

सर्वांत मोठा घोटाळा 'पड' या शब्दानें केला आहे. मावळांतील एखाद्या गांवच्या झाडत्यांत लागवडीहून पड दुप्पट दिसली कीं गांव लुटीनें अथवा दुष्काळानें उजाड झाला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. देशावर तो बहुधा बरोबर ठरेल. पण दळीच्या मुलुखांत पड म्हणजे विसांवा घेणारी जमीन असूं शकते. ती ओसाडी नव्हे, शेतीच्या फेऱ्याचाच तो भाग होय. तेव्हां एका वर्षाच्या झाडत्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. त्याच गांवचे निरनिराळ्या वर्षांचे झाडते एकत्र मांडावेत. पडीचे तुकडे फिरते दिसले तर ती दळी, आणि तेच तुकडे वर्षानुवर्षें पड राहून कुळांचीं नांवेंहि नाहींशीं झालीं असतील तर ती ओसाडी. कसोटी एवढीच आहे. पण ती लावल्यावांचून मावळच्या उजाडीचे इतिहास लिहूं नयेत.

रानाविषयीं मराठी राजनीतींतील मुख्य पुरावा म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रांतील वचनें. गडाच्या घेऱ्यांतील झाडी हीच गडाची राखण, ती यत्नानें वाढवावी व तींतील काठीहि तोडूं देऊं नये, असा तेथें दंडक आहे. आरमारासाठीं लांकूड तोडण्याच्या प्रकरणांत आंबे, फणस हीं झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, म्हणून तीं बळानें तोडूं नयेत, असें बजाविलें आहे. पहिल्या नियमाचा हेतु युद्धाचा, दुसऱ्याचा प्रजारक्षणाचा. मातीचा उल्लेख दोन्हींत नाहीं. तेव्हां अमात्यांस आजच्या वनशास्त्राचे जनक ठरविण्याचा उत्साह आवरावा. परंतु नियम पाळला गेला तेथें गडाच्या उतारावरील माती आपोआप राखली गेली, हेंहि तितकेंच खरें.

इंग्रजी अमलांत प्रिंगलची मोजणी फसल्यावर १८३६ सालीं इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नवी पद्धति सुरू केली, व १८४७ च्या संयुक्त अहवालांत डेव्हिडसनसह तिचे नियम स्थिर केले. मातीची जात व खोली पाहून सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती ठरविल्या. उतार, कंकर, पाण्यानें वाहून जाण्याची भीति अशा दोषांस खुणा नेमून प्रत उतरविली. प्रतबंदीच्या वहींत शेताच्या चौकोनांतील तिरकी रेघ दिसली तर ती उताराची खूण समजावी. लेखकाच्या हातची चूक नव्हे. हें कोष्टक देशावर घडलें. भातजमीन व वरकस यांस वेगळे नियम करावे लागले, यांतच डोंगराची अडचण मान्य झाली. त्याच १८४७ सालीं डॉ. गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. पुढें १८७८ च्या कायद्यानें रानें राखीव झालीं, दळीचा फेरा आंखडला, आणि राबासाठीं फांद्या तोडण्यावरून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली कीं १८८५ सालीं सरकारास चौकशी-मंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. रयत दळीनें माती उघडी करिते असें वनखातें म्हणे, आणि राबावांचून भात होत नाहीं असें रयत म्हणे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. कारण जो फेरा वीस वर्षांचा असतां निरुपद्रवी, तोच पांच वर्षांवर आणिला कीं घातक होतो.

हा विषय केवळ दप्तरांतला नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर अतिवृष्टींत डोंगराची माती कोसळून दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें तसाच घात झाला. अशा उतारांवर पूर्वीं काय पिके, कोणता तुकडा कधीं पड ठेवीत, कोठें कोणी घर बांधीत नसे, याची स्मृति कांहीं अंशीं जुन्या झाडत्यांत व शेतांच्या नांवांत उरली आहे. उरलेली वृद्धांच्या तोंडीं आहे आणि ती लवकर संपेल.

म्हणून संग्राहकांस माझी विनंति आहे. राजपत्रें आपण जपतांच. गांवकुळकर्ण्याच्या दप्तरांतील फाटके झाडते, पाहणीखर्डे व प्रतबंदीच्या वह्या 'बिनमहत्त्वाच्या' म्हणून रद्दींत घालूं नयेत. त्यांतील मातीचे व उताराचे शब्द मोल्सवर्थच्या कोशाशीं ताडून, गांवांत जाऊन, दाखवून घ्यावेत. कागद वाचावयास दोन डोळे पुरतात. जमीन वाचावयास दोन पायहि लागतात. ते चालते आहेत तोंवर हें काम उरकून घेतलें पाहिजे.