मोटारीच्या दाराचा गंज

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं बखरी, दप्तरें आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढें येतात. मोटारीच्या गंजलेल्या दाराला त्या पंक्तींत बसविल्यास पुष्कळांना तो साधनांचा उपमर्द वाटेल. दोन वर्षांपूर्वीं मलाही तसेंच वाटलें असतें. माझ्या एका स्नेह्यांकडे 1929 सालची सहा सिलिंडरांची शेव्हरोले गाडी आहे. तिच्या दाराचा खालचा पत्रा बोट लावतांच भुगा होऊन पडला. दुरुस्ती करावी कीं नवेंच दार करवून घ्यावें असा वाद निघाला, आणि निवाड्यासाठीं मला बोलावण्यांत आलें. इतिहासाच्या प्राध्यापकाला जुन्या वस्तूंतलें सर्व कांहीं कळतें, असा एक गोड समज आहे!

दार खालींच कां गंजतें? आरंभींच्या बहुतेक मोटारी टांग्यासारख्या उघड्या होत्या. 1919 सालीं अमेरिकेंत तयार होणाऱ्या गाड्यांपैकीं सुमारें 90 टक्के अशाच असत. 1927 पर्यंत प्रमाण उलटून चार-पंचमांशांहून अधिक गाड्या बंद होऊं लागल्या. पण बंद गाडीला कांच हवी, कांच खालीं सरकवायची तर दार पोकळ हवें, आणि कांचेच्या फटींतून शिरलेलें पाणी त्या पोकळींत उतरणारच. प्रवाशाला कोरडें ठेवण्यासाठीं दारानें भिजावें, असा हा व्यवहार ठरला.

फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बडच्या कारखान्यानें 1914 सालींच डॉज बंधूंच्या गाडीसाठीं संपूर्ण पोलादी अंग घडविलें होतें. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडींत मात्र लांकडी चौकटीवर पत्रा मढविण्याची, बग्गीच्या काळापासून चालत आलेली रीत 1930 नंतरही कांहीं वर्षें टिकली. ह्याच कंपनीनें 1928 सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. तो 1954 सालीं बंद झाला. आमच्या स्नेह्यांची गाडी तेथेंच जोडलेली.

ह्या जातीच्या दारांत पाणी आधीं लांकूड पितें. ओलें लांकूड महिनोन्महिने पत्र्याला बिलगून राहतें. मुंबईच्या खाऱ्या हवेची त्याला साथ मिळते. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळें चौकटीभोंवतीं दुमडलेली कड फुगते, खिळे सैल होतात, आणि बाहेरच्या रंगाला फोड येईपर्यंत आंतली चौकट कुजून गेलेली असते. पूर्वीं कोणीतरी तेथें लांबी भरली होती. लुकणाची ही गॅरेजमधली भावंड खड्डा बुजविते. गंज तिच्या आडून सुखानें चालू राहतो.

नव्या दाराला मी विरोध केला. देवळाचा जीर्णोद्धार करतांना जुनी शिळा फेकून सिमेंटची प्रतिकृति उभारली, तर देऊळ राहतें, पुरावा जातो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें 2012 सालीं स्वीकारलेल्या ट्यूरिनच्या सनदेचाही रोख असाच आहे: जुना भाग शक्य तों राखावा आणि नवा ओळखूं यावा. स्नेह्यांचा मुद्दा पोकळ होता असें मात्र नव्हे. गाडी धांवली पाहिजे, दार नीट लागलें पाहिजे. तीं कांहीं संग्रहालयांतील मूर्ति आणून बसवीत नव्हते.

तोड एका वृद्ध डेंटरनें काढली. त्यानें अस्तर उतरविलें, कडेचे खिळे एकेक करून उपटले आणि पत्रा सोडविला. निरोगी लोखंड लागेपर्यंत कापीत गेल्यावर चार बोटें रुंदीची पट्टी गेली. तेवढीच नवी पट्टी वळवून त्यानें ती जोडली; पण सलग वेल्डिंग न करतां दूर-दूर टाके मारले. एका जागीं उष्णता सांचली कीं पातळ पत्रा लाटेसारखा उचलतो. टाका थंड होऊं द्यायचा, मागें डॉली धरायची, पुढून हलक्या हातोडीनें सम करायचें, मग दुसरीकडे वळायचें. ह्यांत तीन दिवस गेले. चौकटीचा कुजलेला खालचा तुकडा सागवानाचा केला, आणि पाणी वाहून जाण्याचीं बुजलेलीं भोकें मोकळीं केलीं.

बाहेरून सांधा दिसत नाहीं. आंतून मात्र तो घांसून नाहींसा करूं नये, एवढीच माझी अट होती. आंतल्या बाजूस गंजरोधक रंग देण्यापूर्वीं म्हाताऱ्यानें खिळ्याच्या टोकानें नव्या पट्टीवर साल कोरलें, आणि मग अस्तर बसवून टाकलें.