सोशल मीडिया मार्केटिंग म्हणजे काय? छोट्या व्यवसायाने ते सीरियसली का घ्यावं?

घरात कोणाचं दुकान असेल, मेस असेल किंवा आई फराळाच्या ऑर्डर घेत असेल, तर "जरा आमचं इन्स्टाग्राम पेज बनवून दे ना" हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. मीपण ऐकलं होतं. पेज बनवायला दहा मिनिटं लागली. ते चालवायचं कसं, हे कळायला मात्र आधी चूक करावी लागली.

माझी चूक

मामांचं कोल्हापुरात चपलांचं दुकान आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी त्यांचं पेज बनवलं, पाच-सहा फोटो टाकले आणि नोकरीसाठी पुण्याला आलो. पासवर्ड माझ्याकडेच राहिला.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय टॅग आहे. सोशल मीडियावर लोक इतके भडकले की हे डिझाईन भारतीय चपलांवरून सुचलंय, हे कंपनीला मान्य करावं लागलं.

तेव्हा मला मामांच्या पेजची आठवण झाली. लॉगिन केलं तर 'मेसेज रिक्वेस्ट'मध्ये अकरा जणांनी भाव विचारलेला! अनोळखी लोकांचे मेसेज बऱ्याचदा इनबॉक्समध्ये न येता या वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात. सगळ्यात जुना मेसेज आठ महिन्यांपूर्वीचा होता. मी सगळ्यांना उत्तरं दिली. एकाचाच रिप्लाय आला: "दुसरीकडून घेतली."

मामा एवढंच म्हणाले, "दुकानाचं शटर उघडं आणि गल्ल्यावर कोणच नाही, असं झालं की रे."

मग सोशल मीडिया मार्केटिंग म्हणजे काय?

रोज "शुभ सकाळ"चे बॅनर टाकणं म्हणजे मार्केटिंग नाही. माल दाखवणं, भाव सांगणं, शंकांना उत्तर देणं आणि गिऱ्हाईक परत आणणं, ही दुकानातलीच कामं आपण फोनवर करतो.

ते सीरियसली का घ्यायचं?

- गिऱ्हाईक आधी फोनवर बघतं. पेजवर जुना नंबर किंवा वर्षापूर्वीची पोस्ट दिसली, तर दुकान बंद पडलंय असंच वाटतं.
- खर्च आपल्या हातात असतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात फक्त आपल्या शहरापुरती ठेवता येते आणि रोजचं बजेट ठरवता येतं.
- परिणाम मोजता येतो. अकाउंट 'प्रोफेशनल' केलं की 'इनसाइट्स'मध्ये पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली, किती जणांनी सेव्ह केली, हे कळतं. आमच्याकडे सणाच्या शुभेच्छांपेक्षा चपलेची करकर ऐकवणारा छोटा रील कितीतरी जास्त चालला.

सुरुवात कशी करायची?

१. बायोमध्ये गाव, वेळ, चालू नंबर आणि कुरिअर करता की नाही, हे लिहा.
२. व्हॉट्सअॅप बिझनेस हे फ्री अॅप घ्या. त्याच्या कॅटलॉगमध्ये फोटोसोबत किंमत टाका. "किंमत इनबॉक्समध्ये" लिहिलं की अर्धे लोक तिथूनच परत जातात, हा माझा अनुभव.
३. दुकान बंद असताना जाणारा 'अवे मेसेज' सेट करा.
४. गिऱ्हाइकाला आपला नंबर सेव्ह करायला सांगा. नंबर सेव्ह नसेल तर ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.
५. दिवसातून दोनदा मेसेज बघायची वेळ ठरवा. मेसेज रिक्वेस्टसुद्धा!

आता मामांकडे ही ड्युटी मामेबहिणीची आहे. ती सकाळी दुकान उघडताना आणि रात्री हिशोब करताना मेसेज बघते. रोज ऑर्डर येतेच असं नाही, पण विचारलेल्याला उत्तर मिळतं.

ही काळजी नक्की घ्या

- सगळं एकाच अॅपवर ठेवू नका. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉकसह ५९ अॅप्सवर बंदी आली आणि अनेकांचे फॉलोअर्स एका रात्रीत गेले. म्हणून गिऱ्हाइकांचे नंबर त्यांना विचारून वेगळ्या वहीत किंवा शीटमध्ये ठेवा.
- टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन चालू करा. अकाउंट दुकानाच्या नंबरवर आणि ईमेलवर ठेवा, भाच्याच्या नाही!
- पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. "अॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारं गिऱ्हाईक फसवणारं असतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.
- फॉलोअर्स विकत घेऊ नका. ते आकडा वाढवतात, चपला घेत नाहीत.

थोडक्यात

घरच्यांनी पेज बनवायला सांगितलं तर जरूर बनवा. पण आधी एक प्रश्न विचारा: "मेसेजला उत्तर कोण देणार?" त्याचं नाव ठरलं, की मगच पहिला फोटो टाका.