नगरपालिकेवरचा झेंडा : सोलापूर, १९३०

सोलापूर महानगरपालिकेचा कारभार आज इंद्रभुवनातून चालतो. ही अप्पासाहेब वारद यांची हवेली. दगडातले कोरीवकाम आणि नक्षीदार दर्शनी भाग पाहायला लोक मुद्दाम येतात. पण हा वाडा राहण्यासाठी बांधलेला, तर सोलापूरची नगरपालिका स्थापन झाली १८५२ साली. इमारतीचा इतिहास वेगळा, संस्थेचा वेगळा. वाड्याच्या रुबाबाने दिपून दोन्ही एकच धरले, तर या नगरपालिकेच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना हातातून निसटते.

ती घटना म्हणजे ६ एप्रिल १९३०. त्या दिवशी गांधीजींनी दांडीला मीठ उचलले आणि सोलापुरात नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा चढला. महापालिकेच्या इतिहासकथनाप्रमाणे तो अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते फडकला. नगराध्यक्ष होते माणिकचंद शहा. नगरपालिकेवर झेंडा फडकण्याचा देशातला हा पहिलाच प्रसंग, असे त्याच कथनात पुढे म्हटले आहे. या दोन विधानांचे वजन सारखे नाही. झेंडा चढला, याला पुढच्या दोन महिन्यांतली सरकारी कारवाईच पुरावा आहे. ‘पहिला’ हा मान मात्र तपासावा लागतो.

तपासायला गेले की वाट जबलपूरला जाते. तिथल्या टाउन हॉलवर झेंडा लावण्यावरून १९२२-२३ मध्येच सरकारशी झगडा जुंपला होता. १८ मार्च १९२३ रोजी पंडित सुंदरलाल आणि सुभद्राकुमारी चौहान यांच्यासारखी माणसे झेंडा घेऊन निघाली आणि त्याच ठिणगीतून नागपूरचा झेंडा सत्याग्रह पेटला. म्हणजे नगरभवनावर झेंडा ही कल्पना सोलापूरच्या सात वर्षे आधीची. सोलापूरने ‘पहिलेपणा’चा हट्ट सोडावा हे बरे. त्याने शहराचे काही कमी होत नाही, कारण सोलापुरात त्यानंतर जे घडले ते जबलपुरात घडले नव्हते.

५ मे रोजी मध्यरात्र उलटल्यावर गांधीजींना कराडी येथे अटक झाली. बातमी येताच सोलापुरात हरताळ पडला. इथली ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी १८७७ची. तेव्हापासून वाढत गेलेले हे गिरणगाव. इथे हरताळ म्हणजे हजारो कामगार एकदम रस्त्यावर. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या बाजूला दारूविरोधी चळवळीत शिंदीची झाडे तोडण्यावरून अटका झाल्या, जमाव जमला, कलेक्टर नाइट यांना घेराव पडला. स्थानिक पुढारी मल्लप्पा धनशेट्टी यांनी मध्ये पडून जमावाला आवरले, अशी आठवण सोलापूर आजही सांगते. तरीही गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी आणि कोर्टाची इमारत जाळली. पोलीसही मारले गेले. त्यानंतर पोलीस शहरातून मागे हटले.

९, १० आणि ११ मे हे तीन दिवस सोलापूरच्या आठवणीत स्वराज्याचे दिवस म्हणून राहिले आहेत. आठवण आपल्या बाजूने बोलते, म्हणून इतिहास लिहिणाऱ्याने विरुद्ध बाजूचे कागद आधी पाहावेत. इथे ते आहेत आणि बोलकेही आहेत. १२ मे रोजी लष्कराने शहर ताब्यात घेतले. १५ मे रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी एका शहराच्या नावाने खास वटहुकूम काढला : सोलापूर मार्शल लॉ ऑर्डिनन्स. लष्करी अधिकाऱ्यांच्या नियमांत एक गुन्हा असा होता, की जे काम केवळ अधिकृत सत्तेने करायचे ते कुणी केले, किंवा करण्याचा इरादा शब्दाने वा खुणेने दाखवला, तर त्याला सक्तमजुरी. काँग्रेसचा झेंडा घेऊन फिरणेही याच कलमात बसवले गेले.

हे कलम नीट वाचावे. दंगल, जाळपोळ, खून यांसाठी कायदे आधीच होते. इथे बंदी घातली गेली ती सत्तेचे काम करण्यावर. असे काम कुणी करत नसते, तर ते थांबवण्याला स्वतंत्र कलम कशाला लागले असते? आणि झेंड्याकडे राजवटीने शोभेचे कापड म्हणून न पाहता दुसऱ्या सत्तेची खूण म्हणून पाहिले, हेही याच कलमातून दिसते. तीन दिवसांचे स्वराज्य ही भाबडी बढाई नाही, याची अशी साक्ष सरकारनेच नोंदवून ठेवली.

शिक्षांचा क्रम तेच सांगतो. ‘कर्मयोगी’चे संपादक रामचंद्र राजवाडे यांना शिक्षा झाली. नगराध्यक्ष माणिकचंद शहा यांनाही झाली. त्यांच्यावरचा ठपका इमारतीवरचा झेंडा न उतरवल्याचा. मार्शल लॉ ३० जूनला उठला. त्याखालच्या शिक्षा वैध होत्या का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि चनप्पा शांतिरप्पा विरुद्ध सम्राट हा निवाडा लष्करी कायद्याच्या मर्यादांच्या चर्चेत पुढेही उद्धृत होत राहिला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली.

चार हुतात्म्यांचे पुतळे शहरात आहेत. त्यांचे स्मरण होते आणि ते व्हायलाच हवे. नगराध्यक्षाची गोष्ट त्यामागे झाकली जाते. ती वेगळ्या जातीची आहे. नगरपालिका ही सरकारच्याच कायद्याने जन्मलेली संस्था : दिवे, पाणी, कर आणि गटारे पाहणारी. तिच्या प्रमुखाने झेंडा उतरवायला हात लावला नाही, तेव्हा नकार रस्त्यावरच्या जमावाकडून नव्हे, तर खुद्द कारभाराच्या खुर्चीतून आला. जमावाला दंगलखोर म्हणून मोडता येते. नगराध्यक्षाला दंगलखोर म्हणता येत नाही. त्याला झेंड्यासाठीच शिक्षा करावी लागते.

पुढे १ मे १९६४ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. इंद्रभुवन पाहायला येणाऱ्याला ‘देशातला पहिला झेंडा’ ही ओळ ऐकवण्यापेक्षा त्या झेंड्यापायी झालेली नगराध्यक्षाची शिक्षा सांगावी. पहिली ओळ जबलपूरपुढे टिकत नाही. दुसरीला मार्शल लॉचाच आधार आहे.