टेकाडांच्या उतारावरील स्त्रिया



‘मोगल’ हा शब्द कानावर पडला की मालवणच्या माणसाची नजर आपोआप समोरच्या सिंधुदुर्गाकडे जाते. १६६४ साली ज्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी या जलदुर्गाचा पाया घातला, त्याच्या सावलीत आपण बसलो आहोत. तेव्हा आजच्या विषयात ‘मोगल’ हा शब्द वाचून कोणी औरंगजेबाच्या स्वारीची वाट पाहत बसले असतील, तर त्यांची मी आधीच निराशा करून टाकतो. माझ्या मोगलांचा दिल्लीच्या तख्ताशी काही संबंध नाही. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियाकडील जर्मन बोलीत लहानशा टेकाडाला ‘मुगेल’ म्हणतात. त्यावरून बर्फाच्या उतारावरील उंचवट्यांना इंग्रजीत ‘मोगल’ हे नाव पडले, असे मानतात. या टेकाडांवरून पायांना लांब फळ्या, म्हणजे स्की, बांधून खाली येण्याचा एक खेळ आहे, आणि त्यात स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा आहे. तिचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे.

जेथे बर्फ म्हटले की मासळीच्या पेटीतला बर्फ आठवतो, त्या गावात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु स्पर्धेच्या दारात स्त्रीला प्रवेश कसा मिळतो, किंवा कसा नाकारला जातो, हे या खेळाच्या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसते. आणि तो प्रश्न बर्फाच्या प्रदेशापुरता नाही.

प्रथम खेळ समजून घेऊ. ओहोटीनंतर ओल्या वाळूत ज्या वळ्या उमटतात, त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्याच वळ्या कंबरभर उंच झाल्या, पांढऱ्या झाल्या आणि चांगल्या उभ्या उतारावर जाऊन बसल्या, अशी कल्पना करा. मुळात ही टेकाडे कोणी मुद्दाम रचलेली नसतात. शेकडो माणसे एकाच उतारावरून वळणे घेत खाली येतात. प्रत्येक वळणाला फळीच्या धारेने थोडा बर्फ बाजूला लोटला जातो. पुढचा माणूस त्याच खळग्यातून वळतो, आणि बघता बघता ढीग उभे राहतात. म्हणजे वहिवाटीने पाऊलवाट पडते तसाच हा प्रकार. स्पर्धेसाठी मात्र ती मोजूनमापून तयार करतात. उताराची लांबी सुमारे २०० ते २७० मीटर, चढण सरासरी २८ अंशांची, आणि एका टेकाडापासून दुसरे साधारण साडेतीन मीटरांवर. वाटेत उडी मारण्याचे दोन उंचवटे असतात. तेथून हवेत झेपावून गिरकी किंवा कोलांटी घ्यावयाची आणि पुन्हा टेकाडांतच उतरावयाचे. हे सारे सुमारे अर्ध्या मिनिटात संपते.

खालून पंच पाहत असतात. हल्लीच्या हिशेबाने शंभरापैकी साठ गुण वळणांना, वीस उड्यांना आणि वीस वेगाला. याचा अर्थ असा की नुसते धावत सुटणाऱ्याचा येथे निभाव लागत नाही. गुडघे एखाद्या कमानीच्या पट्ट्याप्रमाणे वरखाली होत राहतात, पण छाती आणि डोके मात्र डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखे स्थिर ठेवावे लागते. पुरुष आणि स्त्रिया एकाच उतारावर, त्याच टेकाडांवरून उतरतात. वेगाचा हिशेब करताना धरलेली प्रमाणवेळ तेवढी निराळी असते.

आता इतिहास. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील तरुण पिढी जुन्या शिस्तीला कंटाळली होती, आणि ते वारे बर्फावरही पोहोचले. घड्याळाशी शर्यत करण्यापेक्षा उड्या माराव्या, नाचावे, टेकाडांवरून सुसाट यावे, असे वाटणाऱ्या मुलांनी हा मुक्त प्रकार सुरू केला. १९७१ साली न्यू हॅम्पशर संस्थानातील वॉटरव्हिल व्हॅली येथे त्याची पहिली मोठी स्पर्धा झाली. तेव्हा स्त्रियांसाठी वेगळा गट नव्हता. १९६८ च्या ग्रनोबल ऑलिंपिकमध्ये उतरलेली सूझी चॅफी ही अमेरिकन बाई या नव्या खेळात आली, ती पुरुषांच्याच बरोबरीने स्पर्धा करीत. पुढे काही वर्षांतच स्त्रियांचे गट उभे राहिले.

यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की खेळ अजून कोणाच्याच मालकीचा झालेला नव्हता. त्याला घटना नव्हती, जुने मानकरी नव्हते. १९७९ साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने त्याला मान्यता दिली आणि नियम बांधले, तेव्हा स्त्रिया उतारावर हजर होत्या. साहजिकच १९८० पासून सुरू झालेल्या विश्वचषकाच्या मालिकेत त्या होत्या. १९८६ साली फ्रान्समधील तीन्य येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तीतही त्या होत्या. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये हा खेळ केवळ प्रदर्शनासाठी दाखवला गेला; टेकाडांवर स्त्रियांत पश्चिम जर्मनीची तात्याना मिटरमायर पहिली आली. आणि १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकमध्ये या खेळाला पदके मिळू लागली, तेव्हा पुरुषांना आणि स्त्रियांना ती एकाच वेळी मिळाली. पडत्या बर्फात अमेरिकेच्या डॉना वाइनब्रेक्टने २३.६९ गुणांनी पहिले सुवर्णपदक जिंकले. त्या काळी एकंदर गुण तीस असत.

हे सारे इतके सरळ घडले की त्यात सांगण्यासारखे काय आहे, असे वाटेल. म्हणून मी तुम्हांला एका विशिष्ट दिवसाकडे नेतो.

१३ फेब्रुवारी २०१०. कॅनडातील व्हँकुव्हरचे हिवाळी ऑलिंपिक. शहराजवळच्या सायप्रस डोंगरावर त्या दिवशी स्त्रियांची मोगल स्पर्धा झाली. यजमान देशाची जेनिफर हाइल ही मागच्या वेळची विजेती. तिला मागे टाकून अमेरिकेची हॅना कार्नी पहिली आली. त्याच दिवशी, शंभराहून अधिक किलोमीटर दूर व्हिसलर येथे, स्कीवरून लांब उडी घेण्याची स्पर्धा झाली. तीत मात्र एकही स्त्री नव्हती. स्त्रियांना त्या स्पर्धेत भाग घेण्यास मनाई होती.

उडी मारणाऱ्या स्त्रिया नव्हत्या असे मुळीच नाही. त्याच व्हिसलरच्या लहान टेकडीवरून सर्वांत लांब उडी घेण्याचा विक्रम त्या सुमारास लिंझी व्हॅन नावाच्या अमेरिकन स्त्रीच्या नावावर होता. स्त्रियांतच नव्हे, स्त्रीपुरुष सर्वांत! तरीही तिला प्रेक्षकांत बसावे लागणार होते. २००६ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने स्त्रियांची ही स्पर्धा घेण्यास नकार दिला होता. अशा स्पर्धांचा पाया अद्याप पुरेसा रुंद झालेला नाही, असे तिचे म्हणणे. त्याच्या आदल्या वर्षी तर स्की महासंघाच्या अध्यक्षांनी वैद्यकीय दृष्टीने हा खेळ स्त्रियांना योग्य दिसत नाही, असे मत दिले होते.

ही वैद्यकीय सबब फार जुनी आहे. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच ८०० मीटर धावल्या. धावणाऱ्या बायका कोसळल्या, अशा अतिरंजित बातम्या वृत्तपत्रांनी छापल्या, आणि ती शर्यत जी बंद झाली ती १९६० च्या रोमपर्यंत. बत्तीस वर्षे! उलट मोगलचा खेळ गुडघ्यांची खरोखरच परीक्षा पाहतो. वाइनब्रेक्टच्या गुडघ्याचा स्नायुबंध १९९२ च्या अखेरीस तुटला. १९९४ च्या लिलहॅमर ऑलिंपिकमध्ये ती पुन्हा उतरली आणि सातवी आली. गुडघे पुरुषांचेही जातात, पण तेवढ्यासाठी पुरुषांची स्पर्धा बंद करा, असे आजवर कोणी सुचवलेले नाही. रापण ओढून झाली की ओली मासळी भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी आपली बाई नाजूक आहे, असा शोधही कोणी लावला नाही. नाजूकपणाचा मुद्दा बक्षिसाच्या वेळी निघतो, ओझ्याच्या वेळी निघत नाही.

मग उडी मारणाऱ्या पंधरा स्त्रियांनी कॅनडाच्या न्यायालयात दाद मागितली. जुलै २००९ मध्ये न्यायमूर्ती फेन्लन यांनी निकाल दिला. त्या स्त्रियांना भेदभावाची वागणूक मिळत आहे हे त्यांनी मान्य केले. परंतु कार्यक्रम ठरवण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय समितीचा असून तिला कॅनडाची अधिकारांची सनद लागू होत नाही, असेही सांगितले. अन्याय खरा, इलाज नाही! वरच्या न्यायालयातही त्यांच्या पदरी काही पडले नाही. अखेर २०११ साली समितीने होकार दिला आणि २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये जर्मनीची कारिना फोग्ट ही या खेळातील पहिली सुवर्णविजेती स्त्री ठरली. पुरुषांची ही स्पर्धा १९२४ पासून चालू होती. म्हणजे नव्वद वर्षांचे अंतर.

एकाच बर्फावरच्या, एकाच महासंघाखालच्या या दोन खेळांत इतका फरक का पडला? मोगलचे पुढारी विशेष उदार होते, असे समजण्याचे कारण नाही. फरक नियम लिहिण्याच्या वेळेचा आहे. उडीचा खेळ पुरुषांनी आपसांत सुरू केला, नियम आपल्यापुरते लिहिले, आणि पुढे त्या वहिवाटीलाच निसर्गनियम मानले. टेकाडांच्या खेळात नियमांचे पुस्तक कोरे होते तेव्हाच स्त्रिया तेथे उभ्या होत्या. ज्याचे नाव पहिल्या पानावर आहे त्याला बाहेर काढण्यासाठी कारण द्यावे लागते. ज्याचे नाव नाही त्याला आत येण्यासाठी कारण द्यावे लागते. पुराव्याचा भार कोणावर पडतो, एवढ्यावर पिढ्यान् पिढ्यांचे भवितव्य ठरते.

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना हा धडा परिचयाचा आहे. मालकाच्या भलेपणाने मिळालेली सवलत मालक बदलला की जाते. करारात लिहिलेले कलम मागे राहते. १९९१ साली ऑलिंपिक समितीनेही असेच एक कलम लिहिले : यापुढे जो खेळ नव्याने येऊ पाहील, त्यात स्त्रियांच्या स्पर्धा असल्याच पाहिजेत. कलम उत्तम, पण ते नव्या खेळांपुरते होते. जुन्या घरांची दारे त्याने उघडली नाहीत. उडी आणि लांब पल्ल्याची स्की-शर्यत मिळून होणारा ‘नॉर्डिक संयुक्त’ हा खेळही १९२४ पासूनचा. २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्येही त्यात स्त्रियांची स्पर्धा नव्हती. त्याच ऑलिंपिकमध्ये मोगलमध्ये मात्र दोघींनी शेजारी शेजारी उतरण्याची आणखी एक स्पर्धा नव्याने आली, आणि ती पुरुष व स्त्रिया दोघांसाठी एकदमच आली.

दार उघडे असल्याने काय होते, तेही पाहावे. १९९८ साली नागानो येथे ताए सातोया हिने मोगलमध्ये सुवर्णपदक मिळवले. हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी ती पहिली जपानी स्त्री. नॉर्वेच्या कारी ट्राने १९९८, २००२ आणि २००६ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये कांस्य, सुवर्ण आणि रौप्य मिळवले. लोकरीच्या टोप्या विणता विणता तिने आपल्या नावाचा कपड्यांचा व्यवसायही उभा केला. हॅना कार्नीने २०११ आणि २०१२ या वर्षांत विश्वचषकाच्या सलग सोळा स्पर्धा जिंकल्या. आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील विजेती जकारा अँथनी तर आपल्यासारखीच समुद्रकाठची. ती ऑस्ट्रेलियातील बारवन हेड्स या किनाऱ्यावरच्या गावात वाढली. तिच्या देशात बर्फ थोडा. म्हणून ब्रिस्बेन शहरात उतरण बांधून, खाली पाण्याचा तलाव करून उड्यांचा सराव करण्याची सोय त्यांनी केली आहे. बर्फ नाही ही अडचण खरी, पण तिच्यावर मनुष्याने तोड काढली.

आता एक आक्षेप मी स्वतःच उपस्थित करतो. नियम लिहिल्याने सर्व काही होते काय? होत नाही. हा खेळ खर्चाचा आहे आणि श्रीमंत देशांपलीकडे तो फारसा पसरलेला नाही. आपल्याकडे गुलमर्ग आणि औली येथे उतार आहेत. १९८८ साली कॅलगरीला शैलजा कुमार ही स्कीच्या वळणांच्या शर्यतीत उतरली आणि हिवाळी ऑलिंपिकमधील पहिली भारतीय स्त्री ठरली. परंतु त्या वाटेने फार थोड्या जणी पुढे गेल्या. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या मुंबईच्या मेरी डिसोझांसाठी तर आप्तमित्रांना प्रवासखर्चाची वर्गणी गोळा करावी लागली होती. दार उघडे असले तरी तेथवर जाण्याचे गाडीभाडे लागतेच. म्हणून कलमाबरोबर तरतूदही मागावी लागते. पण कलमच नसेल तर तरतूद कशासाठी मागणार? लिंझी व्हॅनकडे कौशल्य होते, सराव होता, विक्रमही होता. नव्हती ती नियमातली एक ओळ.

आपल्या चिवला किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात. तेथे मुलगेही उतरतात आणि मुलीही. तारकर्लीला पाण्याखाली बुडी मारण्याचे शिक्षण मिळते. या किनाऱ्यावर पाण्याचे खेळ वाढत आहेत. उद्या कोणी होड्यांच्या शर्यतीचे मंडळ काढील, कोणी आणखी काही काढील. नवे मंडळ निघते तेव्हा चारपाच माणसे ओसरीवर बसून वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहितात. गट किती, वयोमर्यादा काय, बक्षीस किती, कमिटीवर कोण. ते पान लिहिले जात असताना गावातल्या मुली आणि बाया त्या ओसरीवर बसलेल्या असाव्यात, आणि त्यांचा गट व बक्षीस पुरुषांच्या शेजारच्या ओळीतच लिहिले जावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे. त्या वेळी त्याला शाईची एक ओळ पुरते. तीच ओळ नंतर घालावयाची म्हटली, तर काय किंमत पडते हे व्हिसलरच्या टेकडीने दाखवून दिले आहे.